गरिबाचे इंटरनेट वेगळे असावे काय?

इंटरनेटवर वाचण्यासारखे, पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे आणि वापरण्यासारखे जे जे असते त्या सगळ्याला मिळून 'आशय' म्हणतात. आणि हा आशय कोणी तयार केला आहे व कोण मागत आहे याची दखल न घेता दूरसंचार कंपनीने तो सारख्याच वेगाने व सारख्याच दराने ग्राहकापर्यंत पोहोचवावा, या तत्त्वाला 'नेट तटस्थता' असे नाव आहे. टिम वू या अमेरिकी कायदेपंडिताने २००३ साली एका निबंधातून ही संज्ञा मांडली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. मराठीत तिचे भाषांतर करताना थोडी गफलत होण्याचा संभव आहे, कारण 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा राहणारा, प्रवाहात न उतरणारा; येथे मात्र तटस्थ राहण्याची अपेक्षा ज्याच्याकडून आहे तो काठावरचा बघ्या नसून पाटाचा मालकच आहे. खानदेशातील जुन्या फड पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी ठरलेल्या पाळीनुसार प्रत्येक शेताला पाणी सोडत असे आणि शेताचा धनी कोण आहे यावरून पाळी बदलण्याचा अधिकार त्याला नसे. नेट तटस्थतेचा आग्रह याहून फारसा निराळा नाही.

हा प्रश्न महानगरांतील संगणक अभियंत्यांचा आणि चित्रपट पाहणाऱ्यांचा आहे, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे पाहण्यासाठी नंदुरबारइतका योग्य जिल्हा महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख असून तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे, ८३ टक्के लोक खेड्यांत राहतात आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या घरात आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित' असे मोठे आशादायक नाव दिले, त्यांत महाराष्ट्रातील गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबारही आहे.

याच जिल्ह्यातील टेंभली या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. प्रत्येक नागरिकाची ओळख एका संगणकीय नोंदीशी जोडण्याच्या प्रकल्पाचा आरंभ दिल्ली किंवा बंगळुरूत न करता खानदेशातील एका आदिवासी खेड्यात करणे, हा एक जाहीर शब्द होता: ही व्यवस्था सर्वांत आधी शेवटच्या माणसाची असेल. त्या वेळी आधार प्राधिकरणाचे महासंचालक असलेले आर. एस. शर्मा पुढे २०१५ ते २०२० या काळात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे 'ट्राय'चे, अध्यक्ष झाले आणि २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या 'कोविन' या संगणकीय मंचाची धुराही त्यांच्याकडेच आली. आधार, नेट तटस्थता आणि कोविन या तीन गोष्टी एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत याव्यात हा योगायोग असला, तरी त्यांचा परस्परसंबंध योगायोगाचा नाही. ज्या राज्यव्यवस्थेने नागरिकाला संगणकीय ओळख घ्यायला लावली, तिच्यावर त्या ओळखीपर्यंत जाणारा रस्ता सर्वांसाठी सारखा ठेवण्याची जबाबदारीही येऊन पडते.

भेदभाव नेमका कोठे होऊ शकतो हे समजण्यासाठी इंटरनेटच्या रचनेची थोडी ओळख आवश्यक आहे. भ्रमणध्वनीवर एखादे चित्र, गाणे किंवा बाजारभावाचा तक्ता उघडला की ती सगळी माहिती लहान लहान तुकड्यांत विभागली जाते. या तुकड्यांना 'पाकिटे' म्हणतात आणि प्रत्येक पाकिटावर ते कोठून निघाले व कोठे जायचे याचा पत्ता असतो. मूळ रचनेत जाळ्यातील यंत्रांनी केवळ पत्ता पाहून पाकीट पुढे ढकलायचे, आत काय आहे हे पाहायचे नाही, असे गृहीत धरलेले होते. टपाल खात्याचा पोस्टमन आंतर्देशीय पत्रात लग्नाची बोलणी आहेत की कोर्टाची तारीख हे पाहून टपालखर्च ठरवत नाही, तसाच हा प्रकार. मात्र पुढे पाकिटाचे अंतरंग ओळखणारी यंत्रे निघाली आणि त्यांच्या साह्याने कंपनीला तीन गोष्टी करता येऊ लागल्या: एखादे संकेतस्थळ अडवणे, एखाद्या सेवेचा वेग मुद्दाम कमी करणे आणि वेगवेगळ्या आशयासाठी वेगवेगळे दर लावणे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी उघड अन्यायाच्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी फारसा वाद होत नाही. तिसरी गोष्ट फसवी आहे, कारण ती पुष्कळदा 'फुकट' या शब्दाचा वेष घेऊन येते.

भारतात वादाला तोंड फुटले ते दरांवरूनच. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे शुल्क आकारण्याचे जाहीर केले आणि लोकांच्या रोषामुळे काही दिवसांतच तो बेत मागे घेतला. हे शुल्क लागू झाले असते तर त्याचा भार कोणावर पडला असता, याचा विचार नंदुरबारच्या संदर्भात करून पाहण्यासारखा आहे. अक्कलकुवा, धडगाव व नवापूर या तालुक्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि शेतमजुरीसाठी गुजरातेत, विशेषतः बारडोलीच्या परिसरात आणि सौराष्ट्रात जातात. गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांचे आणि आश्रमशाळेतील मुलांचे तोंड पाहण्याचा त्यांच्याजवळचा मार्ग म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल. डेटासाठी एकदा पैसे मोजल्यावर त्याच डेटातून बोलण्यासाठी पुन्हा पैसे मोजायला लावणे, हे दळणाचे पैसे घेतल्यावर पिठाच्या भाकरी करणार असाल तर वेगळा दर सांगण्यासारखे आहे.

पुढील वर्ष अधिक गाजले. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही सेवा ज्या मोजक्या राज्यांत सुरू केली त्यांत महाराष्ट्र होता. तीन डझनांच्या आसपास निवडक सेवा डेटाचे पैसे न देता वापरता याव्यात, बाकीच्या इंटरनेटसाठी मात्र पैसे मोजावेत, अशी तिची मांडणी होती. मार्चमध्ये ट्रायने यासंबंधी एक शंभराहून अधिक पानांचे इंग्रजी चर्चापत्र प्रसिद्ध करून लोकांची मते मागवली, एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झिरो' ही जवळपास तशीच योजना पुढे आणली, आणि त्यानंतर दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे जाऊन पडले. फ्लिपकार्ट एअरटेल झिरोतून बाहेर पडली, क्लिअरट्रिप आणि एनडीटीव्ही यांनी इंटरनेट डॉट ऑर्गशी फारकत घेतली. ट्रायने मते पाठवणाऱ्या लाखो लोकांचे ई-मेल पत्ते आपल्या संकेतस्थळावर जसेच्या तसे प्रसिद्ध करून टाकले, हा त्या मोहिमेतील एक विनोदी, पण पत्ते उघड झालेल्यांना न हसवणारा प्रसंग. सप्टेंबरमध्ये इंटरनेट डॉट ऑर्गचे नाव बदलून 'फ्री बेसिक्स' करण्यात आले.

२८ डिसेंबर २०१५ रोजी मार्क झुकेरबर्ग यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहून या सेवेची बाजू मांडली आणि त्यासाठी दाखला दिला तो महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, शेतमालाचे भाव पाहतो, त्यामुळे त्याची शेती सुधारली आहे. अशा माणसाने पीक नीट सांभाळले तर इंटरनेटचे काय बिघडते, असा त्या लेखाचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटावा अशा बेताने तो विचारलेला होता, म्हणूनच त्याचे उत्तर शेतीच्याच भाषेत देणे इष्ट ठरते.

नंदुरबारचा मिरची बाजार देशभर प्रसिद्ध आहे. तेथे मिरची आणणाऱ्या शेतकऱ्याला उपयोगी पडणारी माहिती एका ठिकाणी नसते. ती कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भावफलकात असते, केंद्र सरकारच्या बाजारभाव संकेतस्थळावर असते, गुंटूरच्या व्यापाऱ्यांच्या यूट्यूब वाहिनीवर असते, शेजारच्या गावातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात असते आणि कधी एखाद्या कृषी विद्यापीठाने कोकडा रोगावर काढलेल्या चित्रफितीत असते. यांपैकी कोणती माहिती मूलभूत आणि कोणती चैनीची, हे कॅलिफोर्नियातील कंपनीने ठरवायचे, आणि ती कंपनी ज्या तांत्रिक अटी घालील त्या पाळणाऱ्यालाच आत प्रवेश द्यायचा, ही फ्री बेसिक्सची अंतर्गत व्यवस्था होती. त्या अटींनुसार चित्रफितींना तेथे जागाच नव्हती. ज्याला अक्षरे वाचण्याची सवय कमी आहे त्याचे इंटरनेट प्रामुख्याने ऐकण्याचे आणि पाहण्याचे असते. म्हणजे जे फुकट दिले जात होते ते नेमके ज्याच्या नावाने दिले जात होते त्याच्या कामाचे सर्वांत कमी होते. शिवाय फुकटच्या कुंपणात वाढलेल्या माणसाला कुंपणाबाहेर काय आहे याची कल्पना येत नाही, आणि कल्पना नसलेल्या गोष्टीची मागणी तो करीत नाही.

याहून महत्त्वाची एक बाजू पुष्कळदा नजरेआड होते. इंटरनेट वापरणारा माणूस केवळ ग्राहक नसतो, तो निर्माताही असतो. गेल्या दहा वर्षांत खानदेशातील अहिराणी गाणी व विनोदी चित्रफिती, सातपुड्यातील होळीची, लग्नातील आणि रोडाली नृत्याची गाणी यूट्यूबवर लाखो लोकांनी पाहिली आहेत. ही गाणी करणाऱ्यांपाशी मुंबईतील ध्वनिमुद्रण कंपन्यांशी ओळख नव्हती, आकाशवाणीच्या परीक्षेतून जाण्याची तयारी नव्हती आणि जाहिरातीला पैसा तर नव्हताच. त्यांच्या गाण्याची पाकिटे मुंबईच्या चित्रपटातील गाण्याच्या पाकिटांइतक्याच दराने आणि वेगाने धावली, एवढ्या एकाच सवलतीवर हा व्यवहार उभा राहिला. दूरसंचार कंपनीशी करार करून आपला आशय ग्राहकाला फुकट किंवा जलद मिळेल अशी सोय करण्याची मुभा असती, तर ती मुभा पैसेवाल्या निर्मात्यांनी घेतली असती, आणि सातपुड्यातील पावरी बोलीतले गाणे ऐकण्यासाठी डेटा खर्च होतो पण हिंदी गाणे मात्र फुकट आहे, अशा अवस्थेत दिवसाला एक जीबीचे पॅक मारणाऱ्या मुलाने काय ऐकले असते हे सांगण्याची गरज नाही.

अर्थात विरोधी बाजूत तथ्य नव्हते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विकिपीडियाने २०१३ मध्ये भारतात एअरसेल कंपनीशी करार करून आपला ज्ञानकोश डेटाचे पैसे न लावता खुला केला होता. विकिपीडिया ना जाहिराती दाखवतो, ना नफा कमावतो. अशा ज्ञानकोशाला सवलत द्यावी की नाही? एखाद्या मुलाला सगळे इंटरनेट परवडत नसेल तर निदान ज्ञानकोश तरी मिळू द्यावा, हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नव्हता. तरीही एकदा चांगल्यासाठी अपवाद केला की चांगले कोणते हे ठरवणारा कोणीतरी नेमावा लागतो, आणि ते काम दूरसंचार कंपनीकडे सोपवणे म्हणजे पाटकऱ्याला पीक ठरवण्याचा अधिकार देणे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने २०१८ मध्ये ही योजना जगभरातच बंद केली.

ट्रायचा निर्णय ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. 'डेटा सेवांसाठी भेदभावपूर्ण दरांना मनाई' करणाऱ्या या विनियमाने आशय पाहून दर बदलण्यास बंदी घातली, उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला आणि केवळ आपत्कालीन सेवा व सार्वजनिक आणीबाणी यांना सूट दिली. तीन दिवसांत फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतले. अडवणे व वेग कमी करणे या उरलेल्या दोन प्रकारांविषयी ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या, त्या दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या आणि कंपन्यांच्या परवान्यांच्या अटींत त्यांचा समावेश झाला. जाळ्यावर ताण आला असता सर्वांना लागू होईल असे तात्पुरते वाहतूक-नियंत्रण, न्यायालयीन किंवा सरकारी आदेशाने होणारी बंदी, आणि दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवा यांना त्यांतून वगळले आहे. अमेरिकेत याच तत्त्वाचे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ च्या डिसेंबरात काढून टाकले गेले, २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने रद्द ठरवले; त्या धरसोडीच्या तुलनेत भारताची भूमिका आजवर अधिक स्थिर राहिली आहे.

या स्थैर्यावर फार विसंबून राहता येणार नाही. २०१६ च्या विनियमातच दोन वर्षांनंतर किंवा त्याआधीही फेरविचाराची तरतूद आहे, आणि गेली काही वर्षे दूरसंचार कंपन्यांची संघटना अशी मागणी करीत आहे की ज्या मोठ्या आशय-कंपन्यांमुळे जाळ्यावर सर्वाधिक ताण येतो त्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा. गूगल आणि मेटा यांच्या खिशातून पैसे काढण्याची ही कल्पना सकृद्दर्शनी न्याय्य वाटते. परंतु त्या डेटाचे पैसे ग्राहकाने रिचार्ज करताना आधीच दिलेले असतात. आणि आशय पोहोचवण्याबद्दल निर्मात्याकडून पैसे घेण्याचा पायंडा एकदा पडला की तो मोठ्यांपाशी थांबेल याची हमी कोणी देत नाही.

येथवरचे विवेचन ज्याच्या भ्रमणध्वनीला रेंज आहे त्याच्यापुरते आहे. सातपुड्यात शिरले की प्रश्नाचे दुसरे, अधिक जुने रूप समोर येते. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीकडे जाताना रेंज येते आणि जाते, आणि नर्मदेच्या काठी उतरले की पुष्कळ ठिकाणी ती नसतेच. यामागे भूगोल आणि अर्थकारण दोन्ही आहेत. ४जी सेवेच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराच्या एका अंगाला उभारलेल्या टॉवरची दुसऱ्या अंगाला सावली पडते. या सावलीतील प्रदेशाला निवडणूक यंत्रणा 'शॅडो एरिया' म्हणते आणि अशा मतदान केंद्रांशी संपर्क ठेवण्यासाठी वेगळी सोय करते. सातपुड्यातील गाव म्हणजे दाटीने वसलेली वस्ती नसते, ते डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांचे बनलेले असते आणि पाड्यातील घरेही आपापल्या शेतात असतात, त्यामुळे एका टॉवरच्या टापूत ग्राहक थोडे येतात. त्यात टॉवरला वीज लागते, वीज गेली की डिझेल लागते आणि डिझेल घाट चढून न्यावे लागते. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित झाली ती अक्कलकुवा व अक्राणी (म्हणजेच धडगाव) या दोन तालुक्यांतीलच, आणि काठावर उरलेल्या पाड्यांपैकी काहींना आजही बोटीशिवाय मार्ग नाही. नफ्याच्या हिशेबात असा टॉवर कधीच बसत नाही.

म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील ठरावीक हिस्सा घेऊन दुर्गम भागात सेवा पोहोचवण्यासाठी सरकारने एक निधी उभा केला. 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी' हे त्याचे जुने नाव २०२३ च्या दूरसंचार कायद्याने बदलून 'डिजिटल भारत निधी' झाले. या निधीतून नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांत ४जी पोहोचवण्याची ६,४६६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची, आज 'भारतनेट' नावाने ओळखली जाणारी योजना तर २०११ पासूनची आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोहोचलेली तार मात्र पाड्यापर्यंत पोहोचलेली नसते.

२०१५ च्या वादात समान वागणूक आणि इंटरनेटची उपलब्धता या दोन प्रश्नांना मोठ्या खुबीने एकमेकांविरुद्ध उभे करण्यात आले होते: ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला थोडे मिळत असताना समानतेचे तत्त्व सांगणे ही सुखवस्तूंची चैन आहे, असा तो पवित्रा होता. पुढच्या घटनांनी त्यातील हवा काढून घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, स्पर्धेने डेटाचे दर कोसळले आणि कुंपण न घालताही गरिबाला इंटरनेट परवडू शकते हे दिसून आले. टॉवर नसण्यावर फ्री बेसिक्स हा कधीच उपाय नव्हता, कारण रेंज नसलेल्या पाड्यावर फुकटचे इंटरनेटही येत नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा परवडण्याचा प्रश्न पुन्हा डोके वर काढणार हे उघड आहे आणि त्याबरोबर निवडक फुकटाची कल्पनाही नव्या नावाने परत येण्याची शक्यता आहे.

नंदुरबारमध्ये इंटरनेट मिळण्या-न मिळण्याच्या प्रश्नाला जी धार येते ती सरकारी सक्तीमुळे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा कोविनवर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती आणि कोविन इंग्रजीत होते. वेगवान इंटरनेट असलेल्या शहरवासीयांनी ग्रामीण केंद्रांवरील जागा नोंदवून टाकल्याच्या आणि गाड्या करून तेथे जाऊन लस घेतल्याच्या तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून आल्या. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, एल. नागेश्वर राव आणि एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात या संगणकीय दरीवर बोट ठेवले आणि केवळ संगणकीय नोंदणीवर लसीकरण अवलंबून ठेवणे समानतेच्या व आरोग्याच्या हक्कांना बाधक ठरेल, अशी चिंता नोंदवली. त्याच सुमारास केंद्रावर जाऊन नोंदणीची मुभा मिळाली आणि जूनमध्ये कोविन मराठीसह इतर भारतीय भाषांत आले. देशातील लसीकरण मात्र सुरू झाले होते १६ जानेवारीलाच.

कोविन गेले, पण त्यामागची रीत गेली नाही. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून भ्रमणध्वनीवरील एका अ‍ॅपवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदवणे बंधनकारक झाले. अंगणवाडी सेविकांना 'पोषण ट्रॅकर'वर बालकांच्या नोंदी भरायला सांगण्यात आले, तेव्हा निकृष्ट फोन आणि इंग्रजी अ‍ॅप यांना कंटाळून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे संगणकीय ओळख-पडताळणी, आवश्यक करण्यात आली आणि धडगाव परिसरातील महिला रेंजच्या शोधात टेकड्या चढत असल्याच्या बातम्या मराठी माध्यमांत झळकल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के आणि पुरुषांचे साडेएकसष्ट टक्के होते. म्हणजे ज्या योजनेचा लाभ केवळ स्त्रियांना आहे तिचे दार अशा ठिकाणी बसवले गेले, जेथे स्त्रियांचा वावर सर्वांत कमी आहे. पहिला आधार क्रमांक ज्या जिल्ह्यात दिला गेला, त्याच जिल्ह्यातील बाईला तो क्रमांक खरा असल्याचे सिद्ध करण्यासाठी डोंगर चढावा लागावा, यावर भाष्याची गरज नाही.

न्यायालयांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला व व्यवसायाला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसीत अडथळे येणाऱ्या दृष्टिहीन व अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांच्या याचिकांवर निकाल देताना संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. शेवटच्या निकालाचे तर्कशास्त्र डोळ्यांच्या अडचणीला लागू होत असेल तर डोंगराच्या अडचणीला का होऊ नये, हा प्रश्न अजून कोणी न्यायालयापुढे नेटाने मांडायचा आहे.

आणि भाषा? वेग, दर आणि रेंज या तिन्ही बाबतीत समानता आली तरी पडद्यावर जे दिसते ते समजले पाहिजे. मराठी विकिपीडियावर आज सुमारे एक लाख लेख आहेत, इंग्रजीवर सुमारे सत्तर लाख. आणि नंदुरबारच्या डोंगरातील मुलाला मराठीदेखील शाळेत गेल्यावरच भेटते. त्याच्या घरी पावरी, मावची किंवा भिलीचे आणखी एखादे रूप बोलले जाते. २०११ च्या जनगणनेने भिली गटातील भाषा बोलणाऱ्यांची संख्या एक कोटी चार लाखांच्या वर मोजली, परंतु आठव्या अनुसूचीत भिलीला स्थान नसल्यामुळे अनुसूचित बावीस भाषांपुरते आखलेले शासनाचे बहुतेक भाषांतर-प्रकल्प तिला ओलांडून पुढे जातात. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हा आदिवासी भाषांसाठीचा भाषांतर-मंच प्राथमिक स्वरूपात खुला केला आणि त्यात संताली, मुंडारी व गोंडी यांच्याबरोबर भिलीही आहे. मात्र ती मध्य प्रदेशातील भिली आहे. धडगावची पावरी आणि नवापूरची मावची त्या यंत्राला कळायच्या असतील तर त्या भाषांतील शब्द, कथा आणि गाणी मोठ्या प्रमाणात ध्वनिमुद्रित होऊन, लिहून काढली जाऊन, खुल्या इंटरनेटवर ठेवली गेली पाहिजेत. नंदुरबार, शहादा, तळोदा येथील महाविद्यालयांनी आणि जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या शिक्षकांनी हे काम एखाद्या योजनेच्या आदेशाची वाट न पाहता हाती घ्यावे. इंटरनेट अजून सर्वांसाठी एकाच दराने खुले आहे तोवर त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.